भय, सूचना आणि हास्य : सुरक्षा-प्रबोधनातील विनोदाचा ऐतिहासिक मागोवा
(नाशिक रोड परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

नाशिक रोड ही वसाहत रेल्वेमुळे वाढली आणि सरकारी कारखान्यांमुळे स्थिरावली. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील या स्थानकाच्या आसपास १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस व १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाली. जवळच मध्यवर्ती कारागृह आहे. एकलहरे येथे १९७० पासून औष्णिक वीजनिर्मिती होऊ लागली. एका बाजूला देवळालीची लष्करी छावणी असून १९४७ च्या फाळणीनंतर तोफखान्याचे प्रशिक्षण देणारी संस्था तेथे आली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली आणि नाशिक रोड-देवळाली नगरपालिका तिच्यात विलीन झाली. म्हणजे रूळ, यंत्र, बाष्पक आणि तोफ यांच्याशी रोजचा संबंध असलेला हा परिसर आहे. त्यात दर बारा वर्षांनी सिंहस्थासाठी येणाऱ्या भाविकांच्या लोंढ्याची भर पडते. सुरक्षेच्या सूचना ऐकणे हा येथील अनेक कुटुंबांच्या जीवनाचा भाग राहिला आहे.

सुरक्षेचे नियम काय होते, याचा इतिहास कायद्यांच्या पुस्तकांत सापडतो. ते नियम माणसांना कसे सांगितले गेले, याचा इतिहास मात्र विखुरलेला आहे. त्यातही सूचना देताना विनोदाचा उपयोग झाला का, झाला असल्यास तो कोणी आणि कोणाच्या जिवावर केला, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. विनोद ही गौण गोष्ट आहे आणि सुरक्षा ही गंभीर, असा आपला समज असतो. प्रस्तुत निबंधात या समजाची तपासणी करावयाची आहे.

निबंधाची मांडणी अशी आहे. सुरक्षा-सूचना ऐकणाऱ्याच्या मनात दोन भीती असतात. पहिली भीती संकटाची असते. दुसरी भीती चारचौघांत अडाणी ठरण्याची असते. पहिली भीती उघड असते, तर दुसरी दडलेली असते. ‘काही शंका आहे का?’ या प्रश्नानंतर जी शांतता पसरते, ती बहुधा या दुसऱ्या भीतीची असते. महाराष्ट्राच्या लोकपरंपरेने या दुसऱ्या भीतीवर उपाय शोधला होता. न समजणाऱ्याची भूमिका तिने एका पात्राकडे सोपवली आणि श्रोत्यांची लाज त्या पात्राने आपल्या अंगावर घेतली. जेथे हे घडले तेथे सूचना रुजली. जेथे विनोद श्रोत्याच्याच अंगावर टाकला गेला किंवा प्रश्नाला जागाच ठेवली गेली नाही, तेथे ती रुजली नाही, असे येथे दाखवावयाचे आहे.

हास्य आणि भय : संकल्पनात्मक विचार

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्य आणि भयानक हे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद तेथे सांगितले आहेत. पात्र स्वतः हसते तेव्हा हास्य आत्मस्थ आणि ते दुसऱ्याला हसवते तेव्हा परस्थ होय. स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याच्या सहा पायऱ्याही भरताने सांगितल्या आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. हास्य ही एकच एक गोष्ट नसून ते किती आणि कोणत्या स्थळी आहे यावर त्याचा परिणाम ठरतो, ही जाण आपल्या परंपरेत प्राचीन काळापासून आहे.

आधुनिक मानसशास्त्राने या प्रश्नाची दुसरी बाजू तपासली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ च्या विनोदावरील निबंधात असे मांडले की, विनोदात माणसाचे मन स्वतःलाच वडीलधाऱ्याप्रमाणे धीर देते आणि भयंकर वाटणारे जग लहान करून दाखवते. १९५३ मध्ये आयर्व्हिंग जॅनिस आणि सेमूर फेशबाक यांनी अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांना दातांच्या निगेविषयी कमीअधिक भीती दाखवणारी व्याख्याने ऐकवली. सर्वांत जास्त भीती दाखवलेल्या गटापेक्षा सौम्य शब्दांत समजावलेल्या गटाने सूचना अधिक पाळल्याचे त्यांना आढळले. पुढील संशोधनाने या निष्कर्षाला मर्यादा घातल्या. भीतीबरोबर स्पष्ट आणि आपल्या हातून होण्यासारखा उपाय सांगितला, तर भीतीही उपयोगी पडते, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. उपायाविना दाखवलेली भीती माणसाला कानावर हात ठेवायला लावते, एवढे मात्र या चर्चेतून निश्चित झाले.

लोकपरंपरेतील इशारा

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांची रचना केली. वासुदेव, जोशी, पिंगळा, गोंधळी अशी गावात नित्य दिसणारी पात्रे त्यांनी उपदेशासाठी वापरली. यांपैकी पिंगळा आणि जोशी ही पात्रे मुळातच इशारा देणारी आहेत. पिंगळा पहाटे येऊन पुढचे भविष्य सांगतो, जोशी पंचांग पाहून सावध करतो. गावाला परिचित असलेला हा इशारा एकनाथांनी आध्यात्मिक अर्थाने वापरला.

विंचवाचे भारूड या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. त्यात कामक्रोधाला विंचवाची उपमा दिली आहे. सादरीकरणात विंचू चावलेला माणूस तळमळतो, उड्या मारतो आणि प्रेक्षक हसतात. नंतर विष उतरवण्याचा उपाय सांगितला जातो. या रचनेत तीन टप्पे आहेत : धोका कोणता, तो घडला की माणसाची काय गत होते, आणि त्यावर उतारा काय. आजच्या कोणत्याही सुरक्षा-सूचनेचे टप्पेही हेच असतात. फरक मधल्या टप्प्यात आहे. भारुडात तो टप्पा एक माणूस स्वतःवर ओढवून घेतो. प्रेक्षक त्याला हसतो, पण हसता हसता स्वतःला त्याच्या जागी पाहतो.

तमाशातील सोंगाड्या हे याच परंपरेचे पुढचे रूप होय. बतावणीत सोंगाड्या सरळ प्रश्नाचा वाकडा अर्थ लावतो, साध्या गोष्टीत चुकतो आणि त्यामुळे दुसऱ्या पात्राला तीच गोष्ट पुन्हा, अधिक सोप्या शब्दांत सांगावी लागते. करमणूक म्हणून आपण याकडे पाहतो. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिल्यास ही पुनरुक्तीची उत्तम पद्धत आहे. जो प्रश्न विचारायला श्रोता लाजतो तो सोंगाड्या विचारतो. गोंधळ आणि कीर्तन या प्रकारांतही साथीदाराच्या भोळ्या प्रश्नाने निरूपण पुढे नेण्याची रीत आढळते.

प्रश्नाला जागा नसलेली सूचना : १८९६-९७ चा प्लेग

या परंपरेचे महत्त्व तिच्या अभावातून अधिक स्पष्ट होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अस्तित्वात आला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने घरांच्या झडतीसाठी गोऱ्या सैनिकांचा उपयोग केला. रोग्यांना वेगळे काढणे, घरे रिकामी करणे, सामान जाळणे ही कामे आदेशाच्या बळावर झाली.

रोग्याला वेगळे ठेवणे किंवा घर स्वच्छ करणे या गोष्टी मुळात चुकीच्या नव्हत्या. पण त्या ज्या पद्धतीने लादल्या गेल्या, तिच्यात ऐकणाऱ्याने प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. परिणामी अफवांनी ती जागा घेतली. रुग्णालयात नेलेल्या माणसाला मारले जाते, अशी समजूत पसरली. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांच्या जमावाने हल्ला केला. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. याच साथीत पुण्याजवळ रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. रोग्याला खांद्यावर घेऊन जाणारी व्यक्ती आणि रोग्याला घरातून ओढून नेणारी यंत्रणा यांतील अंतर लोकांना कळत होते.

साथ पुढे नाशिक जिल्ह्यातही पोहोचली. देवळालीला लागून असलेल्या भगूर गावात १८९९ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांच्या वडिलांचा प्लेगने मृत्यू झाला. प्लेगच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी विनोद केला असता तर परिस्थिती पालटली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सत्तेचे आणि सक्तीचे प्रश्न हास्याने सुटत नाहीत. परंतु भयाने भरलेल्या समाजात केवळ भयाच्या भाषेत दिलेली योग्य सूचनाही अविश्वासाचे कारण होते, हा त्या साथीचा धडा आहे.

गाडगेबाबांची कीर्तनपद्धती

या पार्श्वभूमीवर गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) कार्य पाहावयास हवे. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे त्यांचा जन्म झाला. पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या. नाशिकला गोदाकाठची धर्मशाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. यात्रेच्या ठिकाणी घाण, दूषित पाणी आणि त्यातून पसरणारी पटकी हे त्या काळातील मोठे संकट होते. धर्मशाळा व स्वच्छता ही बाबांची कामे यात्रेकरूंच्या जीविताच्या सुरक्षेशी थेट जोडलेली होती.

बाबा गावात येत तेव्हा प्रथम खराटा हातात घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. म्हणजे सूचना देण्यापूर्वी ती स्वतः पाळून दाखवली जाई. कीर्तनाची भाषा वऱ्हाडी बोलीतली होती आणि रीत प्रश्नोत्तरांची होती. ते श्रोत्यांना अगदी सोपा प्रश्न विचारीत, समुदाय मोठ्याने उत्तर देई, मग त्या उत्तराला जोडून दुसरा प्रश्न येई आणि आपल्याच उत्तरातील विसंगती लक्षात येऊन समुदाय हसू लागे. कर्ज काढून केलेले सण, दारू, देवापुढची पशुहत्या, अस्वच्छता या साऱ्यांवर त्यांनी याच मार्गाने प्रहार केले. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. त्यात ही पद्धत प्रत्यक्ष ऐकता येते.

येथे सोंगाड्याची भूमिका कोणी केली, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. बाबांच्या अंगावर चिंध्यांचे वस्त्र, डोक्यावर गाडगे आणि मुखी आपण अडाणी असल्याचा उच्चार असे. जो सर्वांना शहाणे करावयास आला आहे तोच सर्वांत अडाणी असल्याचे आधी मान्य झाले की, श्रोत्याला स्वतःचे अज्ञान लपवण्याचे कारण राहत नाही. त्यांचे शब्द कठोर असत, तरीही समुदाय दुखावून उठून जात नसे, याचे एक कारण या भूमिकेत आहे. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून राबवलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले गेले, ते या दृष्टीने यथार्थ होते.

देवळाली छावणी : सैनिकांचा स्वतःवरील विनोद

नाशिक रोडला लागून असलेल्या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे. १८६१ पासून ही छावणी ब्रिटिश सैनिकांच्या ये-जा करण्याचे केंद्र होती. भारतातील नोकरीची मुदत संपलेले सैनिक येथे येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत. जहाजे प्रामुख्याने हिवाळ्याच्या हंगामात निघत; त्यामुळे काहींना महिनोन्‌महिने रिकामे बसून राहावे लागे. उकाडा, आजार, कंटाळा आणि घरची ओढ यांनी मनाचा तोल ढळलेल्या माणसाला सैनिकांच्या बोलीत ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणत. यातील ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. फ्रँक रिचर्ड्स या सैनिकाने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या छावणीतील जीवनाचे आणि या शब्दाचे वर्णन केले आहे. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि ‘डूलॅली’ हा वेडसर या अर्थाचा शब्द इंग्रजीत रूढ झाला.

या शब्दाकडे सहसा भाषिक गंमत म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तो भीतीवर केलेला विनोद आहे. आपणही असेच होऊ, ही प्रत्येकाच्या मनातील शंका होती. तिला हसण्याजोगे नाव मिळाल्यामुळे ती बोलून दाखवता येऊ लागली. ज्याला मन थकल्याचे सांगण्याची लाज वाटते, तो ‘मला देवळालीचा ताप चढतो आहे’ असे हसत सांगू शकतो. एवढ्याने उपचार होत नाही, पण शेजारच्याला इशारा मिळतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात जिमी पेरी (१९२३-२०१६) हे तोफखान्यातील तरुण सैनिक देवळालीत होते आणि तेथील करमणूक पथकात काम करीत. या अनुभवावरून त्यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका लिहिली. बीबीसीवर ती १९७४ ते १९८१ या काळात प्रसारित झाली आणि तिची सुरुवातीची कथा देवळालीतच घडते. ब्रिटनमध्ये ती लोकप्रिय होती. पण तीत रंगीराम या भारतीय नोकराची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली होती. भारतीय पात्रांच्या बोलण्या-वागण्यावर आधारलेल्या तिच्यातील विनोदावर पुढे तीव्र टीका झाली. एकाच छावणीतून निघालेले हे दोन विनोद परस्परांहून भिन्न आहेत. पहिल्यात सैनिक स्वतःला हसतो, दुसऱ्यात तो बऱ्याचदा ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाला हसतो. सुरक्षा-प्रबोधन करणाऱ्याने हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे, कारण कारखान्यात नवखा कामगार, कंत्राटी मजूर किंवा परप्रांतीय हमाल हे रंगीरामाच्याच जागी असतात.

महायुद्धातील मूर्ख नायक

दुसऱ्या महायुद्धात विनोदाचा सुरक्षेसाठी जाणीवपूर्वक वापर झाला. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये ‘फुगास’ या टोपणनावाने चित्रे काढणाऱ्या सिरिल केनेथ बर्ड यांनी बेसावध बोलण्याविरुद्धची व्यंगचित्रमय भित्तिपत्रके तयार केली. १९४१ ते १९४६ या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या ‘टी एम’ या प्रशिक्षणविषयक मासिकात पायलट ऑफिसर प्रून नावाचे पात्र येत असे. विमान चालवताना जी जी चूक करता येईल ती प्रून करीत असे. अमेरिकी लष्कराने १९४३ ते १९४५ या काळात ‘प्रायव्हेट स्नाफू’ हे व्यंगपट-पात्र निर्माण केले. मच्छरदाणी आणि औषध यांकडे दुर्लक्ष करून हिवतापाला बळी पडणारा स्नाफू सैनिकांना हसवता हसवता सावध करी.

प्रून आणि स्नाफू हे आपल्या सोंगाड्याचेच दूरचे नातलग आहेत. दोघेही सर्वांच्या वतीने चुकतात. प्रशिक्षकाने वर्गातील एखाद्या वैमानिकाचे नाव घेऊन त्याची चूक सांगितली असती तर तो वैमानिक शरमेने गप्प बसला असता आणि पुढची चूक त्याने लपवली असती. प्रूनचे नाव घेतल्यावर मात्र ‘असे माझ्याही हातून होणार होते’ असे सांगणे सोपे झाले. अपघात टाळण्याच्या दृष्टीने ही कबुली फार मोलाची असते, कारण थोडक्यात हुकलेला अपघात हाच पुढच्या अपघाताचा सर्वांत विश्वसनीय इशारा असतो.

स्वातंत्र्योत्तर काळ : कायदा, कारखाना आणि कलापथक

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत स्फोटके आणि कापूस एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना अग्निशमन दलाचे अनेक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४८ चा कारखाना कायदा, ४ मार्च १९६६ रोजी झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना आणि १९७२ पासून त्या दिवशी साजरा होणारा राष्ट्रीय सुरक्षा दिन हे पुढचे टप्पे होत. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती आणि प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क असल्याचे तिने मान्य केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे.

माहितीचा हक्क कायद्याने दिला, तरी माहिती समजणे ही वेगळी बाब आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी यंत्राजवळ उभे राहून पाच-दहा मिनिटे दिल्या जाणाऱ्या सूचनांना कारखान्यांत ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात. तीच सूचना रोज त्याच शब्दांत ऐकली की ती कानावरून जाते. नवखा कामगार भीतीने ऐकत नाही आणि जुना कामगार सवयीने ऐकत नाही. या दोघांनाही जागे करण्याचे काम नेमका विनोद करू शकतो.

लोककलेचा सरकारी उपयोगही या काळात वाढला. १९५४ मध्ये केंद्र सरकारने गीत व नाटक विभाग स्थापन केला. कलापथकांनी कुटुंबनियोजन, लसीकरण, अल्पबचत हे विषय वगनाट्याच्या रूपाने गावोगाव नेले. राज्यातील घाटरस्त्यांवर ‘अति घाई संकटात नेई’ यासारख्या यमकबद्ध पाट्या लागल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये पश्चिम रेल्वेने मुंबईत रूळ ओलांडणाऱ्या प्रवाशांना अडवण्यासाठी यमराजाचे सोंग घेतलेला माणूस उभा केला. रूळ ओलांडणाऱ्याला खांद्यावर उचलून नेणारा हा यम वृत्तपत्रांत गाजला. लोकनाट्यातील पात्र रेल्वेच्या सेवेत आले, ही स्वागतार्ह गोष्ट होती. तथापि येथे प्रेक्षक यमाला हसतात की उचलल्या गेलेल्या प्रवाशाला, हा प्रश्न उरतो. फाटकापर्यंत किंवा पुलापर्यंत चालत जाण्याइतका वेळ त्या प्रवाशाला का मिळत नाही, हे विचारणारा सोंगाड्या त्या प्रयोगात नव्हता.

परदेशांतही हा मोह दिसतो. एअर न्यूझीलंडने २००९ मध्ये विनोदी सुरक्षा-चित्रफीत केली आणि मेलबर्नच्या रेल्वेने २०१२ मध्ये मूर्खपणाच्या मृत्यूंवरील गाण्याची चित्रफीत प्रसिद्ध केली. दोन्ही जगभर पाहिल्या गेल्या. परंतु चित्रफीत पाहिली जाणे आणि तिच्यातील सूचना संकटात आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विनोद सूचनेच्या गाभ्याशी जोडलेला नसेल तर विनोद लक्षात राहतो आणि सूचना विसरली जाते.

हास्याची मर्यादा : गर्दी

विनोदाचा उपयोग कोठे थांबतो, हे नाशिकच्या इतिहासातूनच शिकावे लागते. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांना प्राण गमवावे लागले. दाटलेल्या गर्दीत माणूस स्वतःच्या इच्छेने हालू शकत नाही. मागच्याला पुढचे दिसत नाही आणि पुढच्याला मागे वळता येत नाही. अशा क्षणी उपदेश, विनोद किंवा भीती यांपैकी काहीच कामाचे नसते. रस्त्याची रुंदी, एकेरी मार्ग, अडथळ्यांची रचना आणि थोडक्या शब्दांतील स्पष्ट आज्ञा यांवरच सारे अवलंबून असते.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ प्रवाशांचा मृत्यू झाला. त्या वेळी ‘फूल’ पडल्याचा आवाज ‘पूल’ पडल्याचा म्हणून ऐकला गेला, असे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले होते. अचानक आलेला पाऊस, अरुंद पूल आणि वाढती गर्दी ही मूळ कारणे होतीच. पण संकटाच्या क्षणी शब्दाचे दोन अर्थ होणे किती घातक ठरते, याकडे हे वृत्त लक्ष वेधते. विनोदाचा तर पायाच दुहेरी अर्थावर असतो. म्हणून विनोदाची जागा संकटापूर्वीच्या तयारीत आहे. प्रत्यक्ष संकटात शब्दाचा एकच अर्थ झाला पाहिजे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. भारूड, बतावणी आणि कीर्तन या प्रकारांत धोका, त्याचा परिणाम आणि उपाय हे टप्पे हास्याच्या आधाराने सांगण्याची विकसित पद्धत होती. सुरक्षा-प्रबोधनातील विनोद ही महाराष्ट्रात बाहेरून आलेली कल्पना नाही.

२. या पद्धतीचे बळ भीती घालवण्याइतकेच अज्ञानाची लाज घालवण्यात आहे. सोंगाड्या, गाडगेबाबांचे अडाणीपण आणि पायलट ऑफिसर प्रून यांचे कार्य या बाबतीत समान आहे.

३. विनोदाचा भार सांगणाऱ्याने किंवा कल्पित पात्राने उचलला पाहिजे. दुर्बळ श्रोत्यावर टाकलेला विनोद त्याला गप्प करतो आणि गप्प झालेला माणूस धोका कळवत नाही.

४. विनोद सक्तीचा, अन्यायाचा किंवा अपुऱ्या सोयींचा पर्याय होऊ शकत नाही. १८९७ चा प्लेग आणि २००३ चे सिंहस्थ या दोन्ही घटना निरनिराळ्या मार्गांनी हेच सांगतात.

५. विनोदाची वेळ पूर्वतयारीची आहे. प्रत्यक्ष संकटात आज्ञा लहान, स्पष्ट आणि एकार्थी असावी.

या निष्कर्षांना केवळ ऐतिहासिक मूल्य नाही. ७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षणाच्या सरावामुळे भोंगा वाजल्यावर काय करावयाचे, हा १९७१ नंतर जवळजवळ विसरला गेलेला प्रश्न पुन्हा समोर आला. २०२७ मधील सिंहस्थ स्नानांसाठी येणाऱ्या भाविकांपैकी फार मोठी संख्या नाशिक रोड स्थानकावरच उतरेल. त्यांतील अनेकांना मराठी येणार नाही, अनेक जण प्रथमच एवढी गर्दी पाहतील आणि वाट विचारायला संकोचतील. ध्वनिक्षेपकावरील घोषणा त्यांना आज्ञा देईल, पण त्यांच्या मनातील प्रश्न विचारणार नाही. ते काम गाडी सुटण्यापूर्वी गावातल्या पारावर, गाडीच्या डब्यात आणि धर्मशाळेच्या ओसरीवर व्हावयास हवे. जिल्ह्यातील लोककलावंत, महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आणि रेल्वेचे कर्मचारी यांनी एकत्र येऊन चुकलेल्या यात्रेकरूचे एखादे सोंग उभे केले, तर त्याला हसता हसता लोक कोणत्या बाजूने चालावे, मूल हरवले तर कोठे जावे आणि गर्दी दाटली तर काय टाळावे हे शिकतील. रस्ते रुंद करणे, मार्ग एकेरी करणे ही प्रशासनाची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. मात्र त्या रुंद रस्त्यावरून चालणारा माणूस कमी घाबरलेला आणि अधिक जाणता असेल.